आठांपैकी सहा सामाईक : भीमाकाठच्या पोथ्या आणि सीमेवरची धर्मओळख

लिंगायत परंपरेत अष्टावरणं, म्हणजे भक्ताची आठ कवचं, मोजतात ती अशी : गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष आणि मंत्र. आता त्याच मुलखातली ब्राह्मणी दत्तसंप्रदायाची पोथी, गुरुचरित्र, काढा आणि या यादीवर बोट ठेवत चला. गुरू तर पोथीच्या नावातच आहे. गुरूच्या पायांचं तीर्थ, प्रसाद आणि मंत्र पानोपानी भेटतात. २९ वा अध्याय भस्माच्या महिम्याचा, ३३ वा रुद्राक्षाचा, ३४ वा रुद्राध्यायाचा, आणि ३५ व्यात सीमंतिनीच्या कथेसोबत सोमवारचं व्रत. आठांपैकी सहा सामाईक निघतात. उरतात दोन : गळ्यात धारण करायचं इष्टलिंग आणि दारोदार फिरणारा धर्मगुरू, म्हणजे जंगम.

सोलापूर, अक्कलकोट, जत, विजयपूर, कलबुर्गी, बसवकल्याण, बिदर, उदगीर, निलंगा या पट्ट्यात कोण कुठल्या पंथाचा हे शतकानुशतकं या उरलेल्या दोनांसारख्या बारीक फरकांवर ठरत आलं. शेजाऱ्याशी बहुतेक गोष्टी जुळतात तिथे पोथीचं काम वेगळं होतं. नवं तत्त्वज्ञान देण्यापेक्षा ती शरीरावर, दिवसाच्या वेळापत्रकावर आणि जेवणाच्या ताटावर खुणा करते. सीमाभागातल्या पोथ्या मला याच दृष्टीने वाचाव्याशा वाटतात. त्यांत द्वैत-अद्वैत शोधत बसलं की वेळ जातो आणि हाती थोडंच लागतं.

आधी एक सावधगिरी. गुरुचरित्रातले भस्म-रुद्राक्षाचे अध्याय लिंगायतांकडून उचललेले नाहीत. त्यांची मुळं स्कंदपुराणाच्या ब्रह्मोत्तरखंडात आहेत. काश्मीरच्या भद्रसेन राजाचा मुलगा आणि प्रधानाचा मुलगा, पूर्वजन्मी वेश्येच्या घरचे माकड आणि कोंबडा, अंगावर रुद्राक्ष बांधलेले म्हणून तरले, ही कथा तिथूनच येते. हीच कथा पुढे श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृताच्या ११ व्या अध्यायात आली. श्रीधरस्वामी सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचे, म्हणजे याच पट्ट्यातले. त्यांचा ग्रंथ शके १६४० मध्ये, म्हणजे इ.स. १७१८ मध्ये पूर्ण झाला. शिवलीलामृत आज ब्राह्मणाच्या घरी वाचतात तसंच लिंगायताच्या आणि मराठ्याच्या घरीही वाचतात. तेव्हा प्रश्न उसनवारीचा नाही, निवडीचा आहे. दत्तगुरूचं चरित्र सांगताना एवढ्या मोठ्या पुराणातून नेमके भस्म, रुद्राक्ष, रुद्र आणि सोमवार का निवडले? माझं उत्तर असं : शेजारी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून फिरत असताना शिवाची चिन्हं त्यांच्याकडे पूर्ण सोडून देणं या मुलखातल्या स्मार्त, म्हणजे स्मृतिग्रंथांचा आचार पाळणाऱ्या, ब्राह्मणाला परवडणारं नव्हतं.

कल्याणीचा राजा आणि बायकांची ओवी

कथा सुरू होते बाराव्या शतकात, कल्याणीत. आजचं बसवकल्याण, जिल्हा बिदर. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात गाण्याच्या प्रकारांत एक ओळ आहे : महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. मराठी ओवीचा हा फार जुना लेखी पुरावा, आणि तो दिला आहे कन्नड मुलखातल्या राजधानीत बसलेल्या राजाने, संस्कृतात. सीमाभाग म्हणजे काय हे यापेक्षा नेटकं सांगता येणार नाही.

ओवी महत्त्वाची ठरते ती तिच्या घडणीमुळे. साडेतीन चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरसंख्या लवचीक. पाठांतराला सोपी, मोठ्याने वाचताना दम टिकतो, आणि मातृभाषा दुसरी असली तरी जमते. गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर हे याचं ठळक उदाहरण. गाव कडगंची, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात आळंदजवळ. घरची भाषा कन्नड. पहिल्याच अध्यायात ते आपला पत्ता देतात : आपस्तंब शाखा, कौंडिण्य गोत्र, साखरे आडनाव, मूळ पुरुष सायंदेव. तिथून नागनाथ, देवराव, गंगाधर आणि मग स्वतः. पोथी ज्यांचं चरित्र सांगते त्या नृसिंह सरस्वतींचे सायंदेव हे प्रत्यक्ष शिष्य, म्हणजे पोथी ही एका अर्थी घराण्याचीही कागदपत्रं आहे. आमच्या पूर्वजाला गुरूने वर दिला, ही गोष्ट १४ व्या अध्यायात सविस्तर येते ती उगाच नाही.

कन्नडभाषकाने मराठीत का लिहिलं? आपण आज 'मराठी माणूस', 'कन्नड माणूस' असं म्हणून प्रश्न विचारतो, म्हणून तो कोड्यासारखा वाटतो. त्या काळी घरातली भाषा, पूजेची भाषा, दरबाराची भाषा, हिशेबाची लिपी आणि पोथीची भाषा या पाच वेगळ्या गोष्टी होत्या आणि एकाच माणसाकडे पाचही असत. घरी कन्नड, संध्येला संस्कृत, दरबारात फारसी, कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी, आणि पोथी बाळबोध लिपीतल्या मराठी ओवीत. पोथीची भाषा धर्माचं वर्तुळ ठरवत होती, राज्याचं नव्हे. दत्ताचं वर्तुळ कारंजा, औदुंबर, नरसोबाची वाडी असं उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे पसरलं होतं, म्हणून भाषा मराठी.

गुरुचरित्र : पोथी वेळापत्रक कशी होते

नृसिंह सरस्वतींचा जन्म वऱ्हाडातल्या कारंज्याचा. पुढे भिलवडीजवळ औदुंबरला एक चातुर्मास, नरसोबाच्या वाडीला १२ वर्षं, आणि मग भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूरला दोन दशकांहून अधिक काळ. तिन्ही ठिकाणच्या पादुकांना वेगवेगळी नावं आहेत : औदुंबरला विमल, वाडीला मनोहर, गाणगापूरला निर्गुण. त्यांच्या आधीचे दत्तावतार श्रीपाद श्रीवल्लभ आंध्रातल्या पिठापूरचे, आणि त्यांचं वास्तव्य कृष्णेतल्या कुरवपूर बेटावर. नकाशावर या खुणा जोडल्या तर आजची महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण अशी चार राज्यं लागतात. पोथीला मात्र हा एकच सलग प्रदेश आहे आणि त्याला जोडणाऱ्या रेषा नद्या आहेत.

पोथीत ओव्या सात हजारांच्या आसपास. अध्याय कुठल्या प्रतीत ५१, कुठे ५२, कुठे ५३. अवतरणिका (सगळ्या पोथीचा सारांश देणारा अध्याय) वेगळी मोजली का आणि गुरुगीतेचा अध्याय धरला का, यावर आकडा बदलतो. परंपरा तिचे तीन कांड पाडते : २४ व्या अध्यायापर्यंत ज्ञानकांड, ३७ व्यापर्यंत कर्मकांड, पुढे भक्तिकांड. तीन दिवसांचं पारायण करणारे याच जागी थांबतात.

सात दिवसांच्या पारायणाचे टप्पे जास्त बोलके आहेत. सर्वांत रुळलेली वाटणी अशी : पहिल्या दिवशी ९ पर्यंत, दुसऱ्या दिवशी २१, तिसऱ्या दिवशी २९, चौथ्या दिवशी ३५, पाचव्या दिवशी ३८, सहाव्या दिवशी ४३ आणि सातव्या दिवशी शेवटापर्यंत. म्हणजे दुसऱ्या दिवशी १२ अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त ३. नवखा वाचक हे पाहून म्हणतो, पाचवा दिवस हलका. तिथेच तो फसतो. ३६ आणि ३७ हे आचाराचे अध्याय आहेत, लांबलचक आणि रुक्ष : पहाटे उठणं, शौच, दंतधावन, स्नानाचे प्रकार, संध्या, दर्भ, देवपूजा, वैश्वदेव, भोजनाचे नियम, परान्नाचा दोष. गोष्ट नसल्यामुळे जीभ अडखळते, वेळ दुप्पट लागतो. वाटणी करणाऱ्यांनी ओव्यांचं वजन पाहिलं होतं, अध्यायांची संख्या नाही. सात-अठरा-अठ्ठावीस असे दुसरे टप्पेही चालतात. वाटेल तिथे मात्र थांबत नाहीत, कारण कथा अर्धी सोडून उठणं अशुभ मानतात.

आणि नेमके हे रुक्ष अध्यायच ओळख घडवणारे आहेत. चमत्काराच्या कथा कुठल्याही पंथात सापडतील. पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करायचं, कुणाच्या घरी जेवायचं आणि कुणाच्या नाही, हे ज्या पोथीत लिहिलेलं आहे ती पोथी माणसाला वेगळा करते. ३१ आणि ३२ व्या अध्यायांत पतिव्रतेचे धर्म, सहगमन (सती जाणं), विधवेचे आचार येतात. आज वाचताना ते टोचतात, टोचायलाच हवेत. पण सीमेवरच्या उच्चवर्णीय घराने 'आपण कोण' याचं उत्तर घरातल्या बायकांच्या शरीरावर लिहिलं, हे त्यातून उघड दिसतं. नंतरच्या परंपरेत तर बायकांनी ही पोथी वाचूच नये असा दंडक रूढ झाला. ज्यांच्यावर सर्वांत जास्त नियम, त्यांच्याच हाती पुस्तक नाही.

ताटाचं उदाहरण सौम्य आहे. १८ व्या अध्यायात गरीब ब्राह्मणाच्या दारातला घेवड्याचा वेल गुरू उपटून टाकतात आणि खाली धनाचा घडा सापडतो. म्हणून दत्ताच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी. पारायणाच्या समाप्तीला घेवडा मिळाला नाही तर घरात धावपळ उडते. गाणगापुरात दुपारी पाच घरी माधुकरी मागायची रीतही तशीच : गुरू दुपारी भिक्षेला येतात या श्रद्धेचं रोजचं वेळापत्रक. एका ओवीतून भाजी ठरते, एका ओवीतून दुपारची वेळ. सिद्धांत न समजलेला माणूससुद्धा यातून दत्तभक्त होतो.

२७ व्या अध्यायाबद्दल नेहमी सांगितलं जातं की तिथे एका पतिताच्या तोंडून वेद वदवले आणि उन्मत्त ब्राह्मणांचा गर्व उतरवला, म्हणजे पोथी समतेची. पुढचा २८ वा अध्यायही वाचावा. तो मनुष्य ब्राह्मण व्हायला पाहतो तेव्हा अंगावरचं भस्म धुऊन त्याला पुन्हा मूळ जागी पाठवलं जातं. आणि भस्माने एवढी किमया कशी केली, या प्रश्नाचं उत्तर म्हणून २९ वा भस्ममहिमा येतो. तिन्ही अध्याय सलग वाचले तर पोथी काय करते आहे ते कळतं : भस्माचं सामर्थ्य मान्य, जातीची चौकट कायम. शेजारच्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या मार्गाच्या भक्तांनी, भस्म आणि लिंग घेऊन नेमकी हीच चौकट नाकारली होती.

दोन यवन

गुरुचरित्रात मुसलमान सत्ताधारी दोन ठिकाणी ठळकपणे येतात आणि दोन्ही वेगळे आहेत. १४ व्या अध्यायातला यवन क्रूर. दरवर्षी एका ब्राह्मणाला मारणारा. सायंदेवाला त्याचं बोलावणं येतं, गुरू अभय देतात, यवनाच्याच अंगाचा दाह होतो आणि तो वस्त्रं देऊन सायंदेवाची बोळवण करतो. ५० व्या अध्यायातला राजा बिदरचा. तो पूर्वजन्मी कुरवपूरचा रजक, म्हणजे धोबी. श्रीपाद श्रीवल्लभांना रोज नमस्कार करणारा, राजवैभव पाहून मनात इच्छा धरलेला (बीज ९ व्या अध्यायात आहे). मांडीवर फोड होतो, औषध चालत नाही, पापविनाशी तीर्थावर एका यतीकडून वाट कळते, आणि गाणगापुरात गुरू त्याला 'रजका' म्हणून हाक मारतात. हा बहामनी सुलतान कोण, यावर अभ्यासक अलाउद्दीन अहमदशहा दुसरा याचं नाव घेतात. काळ जुळतो, पण पोथी हा दरबारी इतिहास नाही, तेव्हा त्यापुढे ताणू नये.

या कथेतली चाल बघण्यासारखी आहे. सत्ता सुलतानाची आहे हे नाकारता येत नाही, मग ती पुनर्जन्माच्या हिशेबात बसवली : राज्य गुरूच्याच वरदानाने मिळालेलं. त्यामुळे चाकरी करणाऱ्या देशपांडे-कुलकर्ण्यांना सुलतानाचं मीठ खाऊनही धर्म राखल्याचं समाधान. आणि लगेच पुढे, राजाच आला, आता सगळे येतील, म्हणून गुरू गाणगापुरातून गुप्त होऊन श्रीशैलाकडे निघतात. जवळीक मान्य, पण अंतर ठेवून. शेवटच्या अध्यायांचा हा क्रम वगळून फक्त 'हिंदू-मुस्लिम ऐक्य' किंवा फक्त 'यवनांचा अत्याचार' असं काढणारे दोघेही अर्धी पोथी वाचतात.

बिदरच्या सत्तेची दुसरी बाजूही आहे. बहामनी घराण्याशी नातं सांगितले जाणारे मुंतोजी ऊर्फ मृत्युंजय मराठीत वेदान्त लिहितात. दासोपंत (१५५१–१६१५) बिदरच्या चाकरीतल्या देशपांडे घराण्यातले, दत्तभक्त, पुढे आंबेजोगाईला स्थिरावले. त्यांनी पंचीकरण (पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते हा वेदान्तातला विषय) लिहिलं ते कागदावर नाही, सुमारे ४० फूट लांबीच्या कापडाच्या पासोडीवर. पंचीकरण हा विषय मुंतोजींनीही हाताळला. एकाच गावच्या सावलीत, एकाच विषयावर, एकाच भाषेत लिहिणारे हे दोघे. पासोडी आपण नवलाची वस्तू म्हणून पाहतो. मला ती भिंतीवर लावून एका नजरेत सगळा ब्रह्मांडाचा पसारा दाखवायचा शिकवणीचा तक्ता वाटते.

वचनं, चरित्रं आणि मराठी लिंगायत

लिंगायतांकडे क्रम उलटा आहे. इथे आधी पोथी नाही, आधी बोलणं. बाराव्या शतकातली वचनं म्हणजे शरणांचे छोटे उद्गार; ती छंदात नाहीत, ग्रंथ म्हणून रचलेली नाहीत. प्रत्येक वचनाची ओळख शेवटच्या नाममुद्रेवरून पटते : बसवण्णांची 'कूडलसंगमदेव', अक्कमहादेवींची 'चन्नमल्लिकार्जुन', सोलापूरच्या सिद्धरामांची 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन'. बसवण्णांची कारकीर्द मंगळवेढ्यात सुरू झाली असं परंपरा सांगते, म्हणजे आंदोलनाचं एक टोक आजच्या महाराष्ट्रात.

कल्याणीतल्या उलथापालथीनंतर ही वचनं विखुरली. मग चरित्रं आली : पाल्कुरिकी सोमनाथाचं तेलुगू बसवपुराण, त्यावरून भीमकवीचं १३६९ चं कन्नड बसवपुराण, राघवांकाचं सिद्धरामचरित्र. पंधराव्या शतकात, विजयनगरच्या छायेत, वचनं गोळा करून शून्यसंपादनेसारखी संवादरूप मांडणी झाली. म्हणजे बाराव्या शतकाचं जे चित्र आपल्यासमोर आहे ते पंधराव्या शतकाच्या संपादकांनी लावलेलं आहे. संवादाचा क्रम, कोण कुणाला भेटलं, कुणी कुणाची परीक्षा घेतली, ही रचना त्यांची. 'बसवण्णा म्हणाले' असं लिहिण्याआधी हे ध्यानात हवं. आणि तिसरा थर विसाव्या शतकातला : विजयपूरच्या फ. गु. हळकट्टींनी घरोघरची ताडपत्रं जमवून १९२३ पासून वचनं छापली. आज लिंगायत हा वेगळा धर्म की वीरशैव ही शैव परंपरा, या वादात एक बाजू वचनं पुढे करते आणि दुसरी सिद्धान्तशिखामणी हा संस्कृत ग्रंथ. कुठला ग्रंथ आधारभूत मानायचा, हाच इथे ओळखीचा प्रश्न आहे. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने वेगळ्या धर्माच्या दर्जाची शिफारस केली तेव्हा तो वाद विधानसभेच्या निवडणुकीपर्यंत पोचला.

मराठी बाजूला वेगळंच घडलं. मराठवाड्यातल्या लिंगायतांना कन्नड वचनं दूरची होती. निजगुण शिवयोगींच्या कन्नड विवेकचिंतामणीचं मराठी रूप सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शांतलिंगांनी केलं. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारचे मन्मथस्वामी यांनी परमरहस्य ओवीत लिहिलं. आणि या ग्रंथाचं आज काय होतं? अखंड शिवनाम सप्ताह आणि परमरहस्य पारायण. सात दिवस, वीणा, टाळ, कीर्तन, शेवटी महाप्रसाद. साचा वारकऱ्यांच्या नामसप्ताहाचा, छंद ओवीचा, आशय गुरू-लिंग-जंगमांचा. कन्नड भागातला लिंगायत मठातल्या वचनगायनातून लिंगायत होतो, लातूर-बीडचा सप्ताहातून. इष्टलिंग दोघांच्या गळ्यात तेच. मराठी लिंगायतांवर 'वारकऱ्यांची नक्कल' असा शेरा मारणाऱ्यांना ओवीचा साचा कुणा एका पंथाच्या मालकीचा कधीच नव्हता हे माहीत नसतं.

सोलापुरात दोन्ही एकत्र दिसतात. सिद्धरामांनी शहराभोवती ६८ लिंगं स्थापली अशी परंपरा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत ७ नंदीध्वज त्यांची प्रदक्षिणा करतात. अक्षता सोहळ्यात संमती वाचली जाते आणि हजारो मराठी तोंडांतून 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' उमटतं. शब्दार्थ विचारला तर फार थोडे सांगतील. विधीत शब्द असाच टिकतो. अर्थ गेला तरी उच्चार जात नाही.

एक विठ्ठल, दोन मुद्रा आणि ९६ मिनिटं

पंढरपुरात इ.स. १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराचा शिलालेख आहे, त्यात गावाचं नाव पंडरगे. ज्ञानदेवांचा विठ्ठल 'कानडा' आणि 'कर्नाटकु'. इतपत सर्वांना ठाऊक असतं. कमी बोललं जातं ते हे की त्याच देवाभोवती दोन वाङ्मयीन वर्तुळं तयार झाली : मराठी अभंगाचं आणि कन्नड दासरपदांचं, म्हणजे हरिदासांच्या पदांचं. पुरंदरदासांची मुद्रा 'पुरंदरविठ्ठल', तुकोबांची 'तुका म्हणे'. पदाची शेवटची ओळ ऐकली की गाणाऱ्याचा पंथ कळतो. म्हणूनच गडबडही तिथेच होते. तोंडी परंपरेत गायक चाल आणि आशय तसाच ठेवून शेवटची मुद्रा बदलतो, आणि पुढच्या पिढीला ते पद दुसऱ्याच संताचं वाटतं. मुद्रेवरून कर्ता ठरवायचा तर जुन्या हस्तलिखितात ते पद आहे का हे पाहणं अपरिहार्य.

शेजारी राहणाऱ्या दोन देशस्थ घरांत, एक स्मार्त आणि एक माध्व (मध्वाचार्यांच्या पंथाचं) वैष्णव, फरक कुठे दिसतो? कपाळावर : भस्म की गोपीचंदन. आषाढी एकादशीला तापवलेल्या शंख-चक्रांची मुद्रा दंडावर उठवून घेतात की नाही. आणि कॅलेंडरवर. पंचांगात कधी कधी लागोपाठ 'स्मार्त एकादशी' आणि 'भागवत एकादशी' छापलेली असते, तिचं कारण ग्रंथांत आहे. सूर्योदयाआधीच्या ४ घटिका म्हणजे अरुणोदय. घटिका २४ मिनिटांची, म्हणून ९६ मिनिटं. या वेळात दशमी शिल्लक असेल तर वैष्णवांच्या मते एकादशी विद्ध, म्हणजे दूषित झाली, उपवास दुसऱ्या दिवशी. स्मार्त सूर्योदयाची तिथी पाहतात. मध्वाचार्यांनी कृष्णामृतमहार्णवात एकादशीच्या उपवासावर भर दिला. वारकरीही भागवत एकादशीच धरतात. तेराव्या शतकातल्या संस्कृत श्लोकांचा निकाल आजही शेजारच्या दोन स्वयंपाकघरांत लागतो : एकीकडे साबुदाणा, दुसरीकडे नेहमीचा भात.

जात्यावरची अलिफ

गाणगापूरपासून कलबुर्गी चाळीसेक किलोमीटर. तिथे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (मृत्यू १४२२) यांचा दर्गा. पुढे विजयपूरच्या शाहपूर टेकडीवर मीरांजी शम्सुल उश्शाक यांच्या वंशपरंपरेतल्या सूफींनी दखनी भाषेत लिहिलं. त्यांच्या वर्तुळात चक्कीनामे झाले : जात्यावर दळताना बायकांनी गायची दखनी गाणी. जात्याचा उभा दांडा म्हणजे अलिफ हे अरबी अक्षर, अलिफ म्हणजे अल्लाह. मधला खुंटा पैगंबर. हात फिरतो त्या लयीत जिक्र, म्हणजे नामस्मरण. कागदावरचा तसव्वुफ, म्हणजे सूफी विचार, फारसीत राहिला, पण खेड्यातल्या बाईपर्यंत पोचला तो या गाण्यांतून, आणि दर्ग्याशी तिचं नातं त्यातूनच जुळलं.

आता मानसोल्लासातली ती ओळ पुन्हा आठवा. कांडताना ओवी गाणाऱ्या बायका तिथे बाराव्या शतकात होत्या. सूफींनी नवं माध्यम शोधलं नाही. आधीपासून चालू असलेल्या श्रमगीतात नवे शब्द भरले. 'धर्मांतर' या शब्दाने एका दिवसात घडलेली घटना डोळ्यासमोर येते. इथे घडलं ते अनेक पिढ्यांत, जात्यावर, हळूहळू.

वाचताना घसरायच्या जागा

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि कलबुर्गी, बिदर, विजयपूर म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. ही रेषा मनात ठेवून पोथी उघडली की प्रत्येक गावाला 'त्यांचं' किंवा 'आपलं' म्हणायचा मोह होतो. पोथीतली सीमा जिल्ह्यांची नाही, सोवळ्याची आहे. पोथीत 'यवन' आणि 'म्लेंच्छ' दिसले की आजचा धार्मिक समूह समजणं ही दुसरी घसरण; बऱ्याचदा तो शब्द सत्ताधाऱ्यासाठी आहे, शेजारच्या पिंजाऱ्यासाठी नाही. आणि छापील प्रत म्हणजे मूळ पोथी, हा समज तर सर्वांत पक्का. छापखान्याने अध्यायसंख्या, अवतरणिका आणि पारायणाचे नियम एका बांधणीत आणले, आणि मलपृष्ठावरचे नियमही लोक सरस्वती गंगाधरांचे समजू लागले. अध्याय क्रमांक सांगताना कुठली आवृत्ती ते सांगावं. माझे वरचे क्रमांक रुळलेल्या छापील प्रतींचे आहेत.

एक छोटी चाचणी कुणालाही करता येईल. गुरुचरित्रात काशीयात्रेचे अध्याय संपताना सायंदेवाच्या तोंडी कन्नड पद येतं. मराठी पारायणात ते 'कंडेनिंदु भक्तजनराभाग्यनिधिय' असं एका दमात, मंत्रासारखं म्हणून टाकतात आणि 'जनराभाग्य' असा चुकीचा तोड पडतो. शब्द असे सोडवावेत : कंडेन् म्हणजे पाहिलं, इंदु म्हणजे आज, भक्तजनर, भक्तजनांच्या, भाग्यनिधिय, भाग्याच्या ठेव्याला, भूमंडलदोळगे, या भूमंडळात, नारसिंहसरस्वतीय, नृसिंह सरस्वतींना. 'इंदु' चंद्र नव्हे. भक्तांच्या भाग्याचा ठेवा आज या भूमीवर पाहिला, एवढंच साधं वाक्य आहे ते, कडगंचीच्या घरात बोलायच्या भाषेतलं.